दोन माणसांत तीनशे मेंढरं

त्या वर्षी आमच्या घरी एकदम दोन कंपन्यांची बोलावणी आली, आणि पोरीला दोन स्थळं सांगून यावीत तसा आमच्या आबांनी रुबाब सुरू केला. यातली उपवर पोरगी म्हणजे मी. बिरदेव भैरू कोकरे, बारावी पास, फिटरचा कोर्स केलेला, वय लग्नाचं आणि खिसा फाटका.

बोलावणी आली ती माझ्या हुशारीमुळं, असा गैरसमज कुणी करून घेऊ नये. रांजणगावला एमआयडीसी झाली तेव्हा आमचा माळ त्यात गेला. माळ तरी कसला, पावसाळ्यात मेंढरं बसवायची खडकाळ जागा. पण सरकारदरबारी ती जमीन होती, त्यामुळं आम्ही प्रकल्पग्रस्त झालो. मोबदला मिळाला तो घराच्या भिंतीत आणि विहिरीच्या खड्ड्यात मुरला. उरला दाखला. घरटी एक दाखला, त्यावर घरातल्या एकाला कंपनीत नोकरी, आणि एकदा वापरला की संपला. आबांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकामागं ठेवला होता. देवाला रोज फूल मिळायचं नाही, पण त्या पिशवीवरची धूळ आबा रोज पुसायचे.

बोलावणाऱ्या कंपन्या दोन. एक कुंतल प्रेसिंग्ज, दुसरी धनुर्वा फोर्ज. दोन्ही गाड्यांचे सुटे भाग करायच्या. स्थानिक पोरं घ्या म्हणून वरून दट्ट्या आला, तेव्हा दोघींना आमची आठवण झाली. आता यात विचार कसला करायचा, जी आधी घेईल तिच्यात जायचं, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या पोरानं असाच घाईत दाखला लावला होता. ती कंपनी दोन दिवाळ्या बघून बंद पडली, मशिनं ट्रकवर चढली आणि पोरगा हातगाडीवर केळी विकायला लागला. दाखला गेला तो गेलाच. त्यामुळं आबांना झोप नव्हती. कंपनी टिकणारी पाहिजे, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. घरातल्या एकाच्या तरी अंगावर कायमचा गणवेश चढावा, मेंढरामागचं फिरणं आपल्यापाशीच थांबावं, यासाठी माणूस हळवा झाला होता.

आणि टिकणारी कंपनी कोणती हे सांगायला घरात एक पंडित तयारच होता. माझी धाकटी बहीण प्रगती. शिरूरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. वस्तीवरून कॉलेजला जाणारी पहिली पोरगी, त्यामुळं नाक आधीच वर, आणि त्यात तिला गव्हाणे सर भेटले. हे सर दौंडहून रोज एसटीनं धूळ खात शिरूरला यायचे. पगार बेताचा, पण छंद राजाचा. पन्नास-साठ कंपन्यांचे एकेक-दोनदोन शेअर घेऊन ठेवलेले. फायद्यासाठी नव्हे. भागधारक झालं की कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट घरी येतो म्हणून. ते अहवाल पिशवीत भरून वर्गात आणायचे आणि पोरांपुढं पसरायचे. पुस्तकातल्या 'अ' कंपनी आणि 'ब' कंपनीवर त्यांचा विश्वास नव्हता.

सरांनी शिकवायचं आणि आम्ही घरी भोगायचं, असं चाललं होतं. प्रगती दिसेल त्याची तुलना करायला लागली. शिरूरच्या बाजारातले दोन किराणावाले, आमच्या दोन आत्या, दोन म्हशी. नुसतं दूध बघू नका, पेंडीच्या रुपयामागं किती दूध ते बघा, असं ती आईला सांगायची. आई म्हणायची, "म्हशीला इचार." एकदा मी तिला म्हटलं, माझी पण कर की तुलना आपल्या चुलतभावाशी. ती गंभीर तोंड करून म्हणाली, "दादा, तुझं उत्पन्न शून्य. शून्यानं भागता येत न्हाई." मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि आम्ही दोघं हसत बसलो. तसे हसण्याचे दिवस नंतर फार आले नाहीत.

पण चेष्टा बाजूला ठेवून सांगतो, पोरगी मन लावून शिकत होती. सरांच्या पिशवीत कुंतलचे आणि धनुर्वाचे मागच्या काही वर्षांचे अहवाल निघाले. इंग्रजी गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर कारखान्याचा फोटो, फोटोत माणूस औषधाला नाही. ती डिक्शनरी घेऊन दुपारभर ओट्यावर बसायची. पहिल्या खेपेला तिनं कर्जाची रक्कम कमाईत धरली, त्यामुळं धनुर्वा एकदम कुबेराची बहीण झाली. सरांनी लाल रेघ मारली. पुन्हा बसली. मला समजावून सांगताना तिलाही समजत जायचं, म्हणून मी ऐकून घ्यायचो.

"नुसता नफा बघून कंपनी वळखायला गेलास तर फसशील," ती म्हणायची. "मोठी कंपनी जास्त कमावणारच की. इचारायचं असं, की शंभर रुपयं विकलं तर त्यातलं सुटलं किती. सोताच्या रुपयामागं कर्ज किती. उधारी किती दिवसांनी वसूल हुती. आन् एका कामगारामागं माल किती निघतो. मग लहानमोठ्या दोन्ही एका दोरीत हुभ्या ऱ्हात्यात."

"आन् मग?"

"मग मागच्या सालाशी बी लावून बघायचं. एका सालाला कुणाचं बी नशीब उघडतं."

मला तो खेळ आवडायला लागला होता. कंपनी म्हणजे आपल्यासारख्याला बाहेरून दिसणारी पत्र्याची भिंत आणि वॉचमन. प्रगतीच्या कागदावर त्या भिंतीला खिडकी पडल्यासारखी वाटायची. आपल्या घरातली पोरगी एवढ्या मोठ्या कंपनीची नाडी बघते, याचा मला अभिमान वाटत होता. आजही वाटतो, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शेवटी एका संध्याकाळी आबांनी सगळ्यांना बसवलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. प्रगतीनं दोन्ही कंपन्यांची टिपणं पुढं घेतली आणि बाईसाहेबांचं भाषण सुरू झालं. आबांना गुणोत्तर म्हटलं तर कळणार नाही, म्हणून तिनं सगळं मेंढरांत आणलं होतं. धनुर्वावर कर्ज जास्त, म्हणजे कळपातली अर्धी मेंढरं लोकांची. कुंतलचं कर्ज थोडं. धनुर्वाचा शंभरात सुटणारा पैसा थोडा, कुंतलचा दुप्पट. आबा हुं हुं करत होते. मग ती शेवटच्या गोष्टीवर आली.

"आबा, असं समजा, दोन धनगर हायेत. दोघांची बी तीनशे मेंढरं. एकाला राखायला पाच माणसं लागत्यात. दुसरा दोन माणसांत राखतोय. ह्यातला खरा कोण?"

आबांनी तंबाखू मळता मळता हात थांबवला. असा प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात कुणी विचारला नसावा.

"अगं, ह्ये काय इचारनं झालं? दोन माणसांत राखतो त्यो खरा." त्यांचा आवाज चढला. "खुटबावच्या रानात मी आन् तुझा चुलता, दोघंच. दोन माणसांत तीनशे मेंढरं! लांडगा आला, पाऊस आला, पर एक कोकरू गमावलं न्हाई. शेतवाले म्हणायचे, भैरू, तुझ्यासारखा राखणारा दौंड तालुक्यात न्हाई. ज्याला माणसं जास्त लागत्यात त्याला राखायचं कळत न्हाई, ध्येनात ठेव."

"मग कुंतल ती दोन माणसांची हाय, आबा. धनुर्वात कामगारच कामगार. कुंतलात कामगार थोडे आन् माल ढीगभर."

झालं. कर्ज, उधारी, सगळं मागं पडलं. आमच्या जातीत माणसाची पारख याच एका मापानं होते. लग्नाच्या बैठकीतसुद्धा 'किती माणसांत किती मेंढरं' हे पहिल्यांदा विचारतात. सरांचं गणित आणि आबांची अक्कल एका जागी येऊन मिळाली, म्हटल्यावर शंका घ्यायला कोण उरलं? मीही नाही. आबांनी देव्हाऱ्याला हात जोडले आणि पिशवी काढून माझ्या हातात दिली.

कुंतलच्या भरती बघणाऱ्या पर्सनल ऑफिसात साहेबांनी दाखला ठेवून घेतला, माझ्या देखत त्याच्यावर शिक्का मारला आणि मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं मारुतराव बसले होते. आमच्या गावचे माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि आता कुंतलला माणसं पुरवायचं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याकडं. "ये बिरदेव," ते म्हणाले. "एक वरीस माझ्या हजेरीवर काम कर. मग कंपनी कायम करती. सगळ्यांचं असंच असतंय." मी म्हटलं, बरं आण्णा. गावच्या मोठ्या माणसापुढं दुसरं काय म्हणणार? कार्ड मिळालं, त्याच्यावर कुंतलचं नाव नव्हतं.

आत शॉपमध्ये, म्हणजे मशिनं चालतात त्या शेडमध्ये, पाय टाकला आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कंपनीत शिरलो. माणसं थोडी म्हणे! इथं जत्रा भरलेली. बिहारची पोरं, ओरिसाची पोरं, बीड-लातूरकडची पोरं, आणि पत्र्याच्या कडा घासायला आसपासच्या गावच्या बायका. सगळ्यांच्या खिशाला माझ्यासारखंच कार्ड. कंपनीचा निळा गणवेश घालून फिरणारे मोजकेच, तेही कागद घेऊन. बाकीचे आम्ही आपापल्या घरच्या कपड्यांत. माझ्याकडं दोन पॉवर प्रेस दिले. इकडं पत्रा ठेवायचा, दाबायचा, काढायचा, तोवर तिकडं वळायचं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय वरचा डाय, तो पोलादी साचा, खाली येत नाही, म्हणजे हात आत राहत नाही. पण दोन्ही हात बटणावर ठेवले तर नग निघणार किती? म्हणून एका बटणाला लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलेलं. सुपरवायझर म्हणाला, "ऐसाच चलता है, हात संभालके."

घरी येऊन मी प्रगतीला चेष्टेत सांगितलं. "काय गं, तुझ्या कंपनीत माणसं थोडी म्हणालीस. आज जेवायला रांगेत उभं राहून भूक मेली माझी."

ती हसली नाही. "किती असत्याल?"

"मुंग्या मोजल्यात का कुणी?"

तिनं अहवाल काढला आणि त्या आठवड्यात तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. मग एक दिवस शिरूरहून आली ती तोंड उतरवूनच. सरांपुढं बसून तिनं मागची बारीक अक्षरांची पानं वाचली होती. पगाराच्या आकड्याखाली चार ओळी सोडून 'प्रक्रिया खर्च' असा एक आकडा होता. पगाराच्या दुप्पट, आणि दरसाल फुगत गेलेला. आम्ही सगळे त्याच्यात होतो. पत्रा वाकवून घेण्याचा खर्च, असा तो हिशेब. माणूस म्हणून आमची मोजणी कुठंच नव्हती, त्यामुळं भागाकारात खालचा आकडा लहान राहिला आणि कुंतल मोठी दिसली. त्या आकड्यावरून अंदाजानं सगळे धरले तर एका माणसामागं माल धनुर्वाचाच जास्त निघत होता.

"दादा, तू ती सोड," ती म्हणाली. "आपण फसलो. मी फसवलं तुला."

"येडी का काय? कंपनी बुडणार हाय का?"

"बुडणार न्हाई. कर्ज न्हाई, नफा हाय. बुडायची न्हाईच ती."

"मग झालं तर. आपल्याला टिकणारीच पायजे हुती."

"अरं पर तू तिच्यात न्हाईसच!"

आबा मध्ये पडले. दाखल्यावर शिक्का बसला होता. आता सोडलं तर धनुर्वा दारात उभी करणार नाही, आणि वर्ष काढलं की मारुतराव कायम करतो म्हणालेत. मारुतरावांचा शब्द आहे. मलाही तेच पटलं. खरं सांगायचं तर मला त्या निळ्या गणवेशाची हाव सुटली होती. प्रगती त्यानंतर रोज माझे हात बघायची. मी जेवायला बसलो की समोर बसून बघत राहायची. मला त्याचा राग यायचा, आणि एकदा मी तिच्यावर खेकसलोही, की माझ्या ताटात बघू नकोस.

वर्ष भरत आलं होतं. पहिली पाळी, चांगलं लख्ख ऊन. दरवाजापाशी कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मी वळलो नाही, नुसती मान फिरली असेल. एका हातात पत्रा होता. खाली बसलेला डाय मी बघितला, आणि त्याच्याखालून माझा हात का निघत नाही याचं मला नवल वाटलं. दुखलं नंतर. आधी फक्त नवल वाटलं.

शिरूरच्या दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी राहिली होती. मधली बोटं गेली. पट्टीमुळं दिसत नव्हतं, पण मी मनातल्या मनात एकेक हलवून बघितलं आणि मला कळलं. आई पायापाशी बसलेली. प्रगती दाराबाहेर उभी होती, ती आत आलीच नाही.

आबा कंपनीच्या गेटवर गेले. आत सोडलं नाही, पण आबांनी मुंडासं काढून हातात घेतलं आणि उन्हात उभे राहिले, तेव्हा पर्सनलचे साहेब बाहेर आले. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आबांना पाणी दिलं आणि सांगितलं, "काका, मुलाचं ऐकून वाईट वाटलं. पण तो आमचा कामगार नाही. तुम्ही मारुतरावांना भेटा." आबा म्हणाले, "दाखला तुमच्यापाशी हाय, शिक्का मारलेला." साहेब म्हणाले, दाखला आहे, पण मुलाचं नाव आमच्या हजेरीला नाही. आबा परत आले आणि ओट्यावर बसून हीच गोष्ट येईल त्याला सांगत राहिले. दाखला त्यांच्यापाशी, पोरगा मारुतरावांपाशी, असं कसं व्हतं? तेवढंच पुन्हा पुन्हा.

त्यातच एक पाहुणा आला आणि आबा जुन्या सवयीनं म्हणाले, "मी असा अडाणी, पर दोन माणसांत तीनशे मेंढरं राखली हो. माझ्या पोराला एक मशीन राखता येऊ नये?"

आई आत भांडी घासत होती. ती राखेच्या हातानं बाहेर आली. माझी आई, तानुबाई, परक्यापुढं आबांना उलट बोललेली मी कधी ऐकली नव्हती.

"दोन माणसांत? आन् मी कुठं हुते तवा? बिऱ्हाड घोडीवर लादून म्होरं कोण जायाचं? मेंढरांभवती जाळ्याची वाघर कोण ठोकायचं? तुमी मेंढरं घिऊन यायच्या आत चूल कोण पेटवायचं? रातीला कोकरं पोटाशी घिऊन कोण निजायचं? खुटबावच्या रानात ह्यो बिरा झाला, नाळ कापून तिसऱ्या दिवशी मी पुढच्या मुक्कामाला चालत गेले. माझी जाऊ बी हुती. तिची पोरगी हुती, नकुशी, आठ वर्साची, ती कोकरं वळायची. कुठली दोन माणसं हो? तुमी आमाला मोजलंच न्हाई कवा."

पाहुणा जमिनीकडं बघायला लागला. प्रगती दारात उभी होती. तिचं तोंड पांढरं पडलं. "आई, तू तवाच का न्हाई बोललीस?" तिनं विचारलं.

"मला कुणी इचारलं?" आई म्हणाली आणि पुन्हा भांड्यांकडं गेली.

मारुतराव चार दिवसांनी आले, सफरचंदं घेऊन. दवाखान्याचा खर्च त्यांनी आधीच भरला होता, तेवढं कबूल केलंच पाहिजे. कामगार आयुक्ताकडं जायचं मनात आणू नका, म्हणाले, वर्षं जातील आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा मी कंपनीशी बोललोय. दाखला अजून वापरला गेला असं धरायचं नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी घेतील. "पोरगी बी.कॉम.ला हाय न्हवं? अकाउंटला बसवू. कायम. पयल्या दिवसापास्नं कंपनीच्या हजेरीवर. फक्त आपली तक्रार न्हाई, एवढं लिहून द्यायचं."

"मी न्हाई जाणार," प्रगती म्हणाली. "मेले तरी न्हाई."

आबा माझ्याकडं बघत होते. सगळेच माझ्याकडं बघत होते. हात माझा गेला होता, तेव्हा बोलायचा हक्क माझा होता. मी तिला रात्रंदिवस मान खाली घालून फिरताना बघत होतो. मला वाटलं, नाही म्हणावं, कज्जा लढावा, पेपरात द्यावं. मग मी घर बघितलं. मेंढरं विकून झालेली, विहिरीला पाणी नाही, आबांचे गुडघे गेलेले आणि मी हा असा. कुंतल बुडणार नाही, हे तर आमच्याच पोरीनं शोधून काढलेलं.

"जा तू," मी म्हटलं.

ती माझ्यावर ओरडली, रडली, दोन दिवस जेवली नाही. मग परीक्षा आली. फर्स्ट क्लास मिळाला, कंपन्यांच्या तुलनेच्या पेपरात कॉलेजात पहिली. गव्हाणे सर दौंडहून मुद्दाम आमच्या वस्तीवर आले. पेढे घेतले नाहीत. माझ्या हाताकडं एकदा बघून त्यांनी नजर काढून घेतली आणि मला म्हणाले, "बाळ, अहवालात जे लिहिलंय ते मी शिकवू शकतो. जे लिहिलेलं नाही ते कसं शिकवायचं, मला येत नाही." म्हातारा माणूस हात जोडत होता, मला लाज वाटली. मी त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवलं. रस्ताभर आम्ही पावसापाण्याचं बोललो.

प्रगतीनं तक्रार नसल्याच्या कागदावर घरातली म्हणून सही केली, मी अंगठा दिला. सही करता येत नव्हती, आणि अंगठा होता. ती कंपनीच्या बसनं जायला लागली. निळा दुपट्टा, गळ्यात फोटोचं कार्ड, कार्डावर कुंतलचं नाव. आबा तिला फाट्यापर्यंत सोडायला जायचे आणि बस दिसेनाशी झाली तरी उभे राहायचे. वाटेत भेटेल त्याला सांगायचे, पोरगी कायम हाय कंपनीत. त्यांच्या तोंडावरचं ते समाधान बघून मला संताप यायचा, आणि दुसऱ्या क्षणी दया यायची. उभ्या जन्मात त्यांना एवढंच हवं होतं आणि ते मिळालं होतं.

तिथं काय करतेस, असं मी तिला कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी ती बसमधून उतरून आली आणि चप्पल न काढताच ओट्यावर माझ्याशेजारी बसली.

"दादा, मारुतरावांचं बिल आता माझ्याकडं येतं."

"मग?"

"त्यात माणसं नसत्यात. नुसतं इतके नग, इतका दर. तुझ्या प्रेसवर आता कोण हाय, मला कळत न्हाई. म्या साहेबांना इचारलं. ते म्हणाले, आपल्याला नावाची गरज काय?"

"बटणाला पाचर हाय का अजून?"

"मला शॉपमदी जाऊ देत न्हाईत."

आत आई भाकरी थापत होती, तिचा आवाज येत होता. प्रगती खाली बघून बोलत राहिली.

"यंदाचा अहवाल छापायला गेला. कामगारांचा आकडा म्याच टाईप केला. मागच्या सालापरीस एकानं वाढलाय, दादा. त्यो एक म्हंजी मी."

मग ती रडायला लागली. लहानपणी ठेच लागल्यावर रडायची तशी, मोठ्यानं, शेजारपाजार न बघता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि सवयीनं उजवाच पुढं झाला. लक्षात येताच मी तो मागं घ्यायला लागलो, पण तिनं दोन्ही हातांनी तो धरून ठेवला, आणि उरलेल्या बोटांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली.